पायाळूची लाथ

माझी कंबर गेली ती शिंकेने. वजन उचलून नाही, पडून नाही, कुणाशी मारामारी करून नाही. खरं कारण सांगितलं की लोक तोंड फिरवून हसतात, म्हणून जळगावच्या कापूस बाजारात मी बरीच वर्षं 'गाठोडं उचललं' असंच सांगत असे. आता हसणाऱ्यांपैकी निम्मे वर गेले, तेव्हा लिहायला हरकत नाही.

दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती. मी बाजारात अडत्या होतो. शेतकऱ्याने गाडी भरून कापूस आणायचा, मी तो पाहायचा, खरेदीदाराशी रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायचा आणि दोन्हीकडून शिव्या खायच्या, हा माझा धंदा. त्या दिवशी एरंडोलकडच्या एका शेतकऱ्याची गाडी उभी होती. वरचा कापूस पांढराशुभ्र, कोरडा, पाहुण्यांसमोर आणून बसवलेल्या मुलीसारखा. असा कापूस मला आवडत नाही. मी चाकावर चढलो, वाकलो, हात खांद्यापर्यंत आत घातला आणि पलीकडच्या कोपऱ्यातला तळ चाचपायला अंग पिळलं. बोटांना ओल लागली. पाणी मारलेलं होतं. मी तोंड उघडणार तोच नाकात तंतू गेला आणि शिंक आली.

कमरेत काहीतरी सटकलं. ओली दोरी ताणून तुटावी तसं. हात कापसात, तोंड कापसात, आणि वर येता येईना.

शेतकरी खाली उभा होता. तो शांतपणे म्हणाला, "शिंक उनी, आबा. आते आज सौदा नही."

माझा ओला हात अजून त्याच्याच गाडीत होता. दोन हमालांनी मला उतरवून ओट्यावर आडवं केलं तोवर तो बैल जुंपून निघूनही गेला होता. एवढं चांगलं मुहूर्तज्ञान मी दुसऱ्या कुणात पाहिलं नाही.

बाजाराने निदान जागच्या जागी केलं: उसण भरली. आमच्याकडे कमरेला काहीही झालं तरी उसणच भरते. घरी एरंडाची पानं झाली, गरम विटेचा शेक झाला, तालमीतला एक जण येऊन पाठीवर उभा राहून गेला. पंधरा दिवसांत दुखणं कमरेतून निघून डाव्या कुल्ल्यात, मांडीच्या मागून पोटरीत आणि तिथून पावलात उतरलं. खोकलं की कळ. हसलं की कळ, पण हसण्याचे प्रसंग तेव्हा फारसे येत नव्हते.

वैद्य आले. नाडी धरून डोळे मिटले आणि म्हणाले, "ही गृध्रसी. रोगी गिधाडासारखा चालतो, म्हणून हे नाव."

मी म्हटलं, "पक्षी कळला. आता उपाय सांगा."

उपाय एरंडेल. एरंडेल पिऊन कंबर सुधारली नाही. फक्त ज्या माणसाला उठता येत नाही त्याला दिवसातून किती वेळा उठावं लागू शकतं, ते समजलं. वैद्यांना हे सांगितलं तर ते म्हणाले, कोठा साफ होतो आहे, म्हणजे औषध लागू पडतं आहे. दुखतं कुठे आणि साफ काय होतं, याचा मेळ त्यांनी लावायचा होता. तो त्यांनी शेवटपर्यंत लावला नाही.

मग शिरपूरकडून एक डाग देणारा आला. तापवलेल्या सळईने घोट्याच्या वर पाच डाग देतो म्हणाला. मी म्हटलं, एक द्या. गुण आला तर उरलेले चार. तो म्हणाला, पाचांचा गुण एकात येत नाही. मी म्हटलं, मग सळई गार करा आणि निघा. मी आयुष्यात केलेल्या सौद्यांत याच्याइतका फायद्याचा दुसरा नाही.

पण वेळ चालला होता आणि हंगाम ऐन भरात होता. अडत्याचा धंदा तोंडाचा आहे असं लोकांना वाटतं. तो पायांचा आहे. दिवसभर चाकावर चढायचं, उतरायचं, या गाडीवरून त्या गाडीवर जायचं, खरेदीदार पोचायच्या आत पोचायचं. ज्याला चाकावर चढता येत नाही त्याला तळचा कापूस दिसत नाही, आणि ज्याला तळ दिसत नाही त्याच्याकडे खरेदीदार दुसऱ्यांदा येत नाही. मी कापसातली सरकी काढणाऱ्या जिनचं अंगण झाडण्यापासून सुरुवात करून त्या बाजारात स्वतःची गादी घातली होती. माझा डावा पाय गेला असता तर त्या गादीवर बसायला दहा जण धोतर सावरून तयार होते. मला कमरेची चिंता नव्हती. मला पाय हवा होता.

अशात एका सकाळी बायको म्हणाली, "मी निरोप धाडा शे."

"कुठे?"

"पारोळ्याले."

पारोळ्याजवळ आमचं गाव. तिथे माझा धाकटा भाऊ राहतो. हा भाऊ पायाळू.

पायाळू म्हणजे जो आईच्या पोटातून डोक्याने न येता पायाने येतो तो. जन्मताना वळायचा आळस केला, एवढीच त्याची कर्तबगारी. पण आमच्या मुलखात या आळसाला मोठा मान आहे. पायाळूला जमिनीतलं पाणी कळतं. पायाळूला पुरलेलं धन दिसतं. पायाळूने उसण भरलेल्याच्या कमरेला पाय लावला की उसण उतरते. आणि पायाळूवर वीज पडते, म्हणून आभाळ गडगडलं की त्याला घरात घ्यायचं. लहानपणी ढग वाजला की आई त्याला आत ओढायची आणि मी एकटा वखर हाकत राहायचो. वीज पडलीच तर डोक्याने जन्मलेल्यावर पडेना का, असा हिशेब असावा.

पुढे वाटणी झाली. दोन शेतं होती. एकात विहीर होती, कोरडी, दुसरं माळाचं. आई म्हणाली, विहिरीचं शेत धाकट्याला द्या, तो पायाळू, त्याच्या पायाने पाणी लागेल. त्याने विहीर आणखी खोदली आणि पाणी लागलं. विहीर आणखी खोदली की पाणी लागतं, त्यात पायाचा काय संबंध, हे मी तेव्हाही विचारलं होतं. मी माळाचं शेत सोडून जळगावला आलो. जे काही झालो ते त्या रागाने झालो. मग ज्या पायांनी माझी विहीर नेली, ते पाय माझ्या कमरेला लावून घ्यायला मी का तयार झालो, असं कुणी विचारेल. एक तर मला दुसरा उपाय उरला नव्हता. दुसरं म्हणजे तो फुकट होता. पायाळूने पैसे घ्यायचे नसतात.

रविवारी सकाळी तो आला. मला दाराच्या उंबऱ्यापाशी घोंगडीवर पालथं घातलं. गल्लीतली बायामाणसं जमली. थोरल्या भावाला धाकटा लाथ मारणार, हे बघायला काही बोलावणं लागत नाही.

तो वाकून आधी माझ्या पाया पडला. मग म्हणाला, "भाऊ, तोंड उगवतीकडे कर."

त्याने उजवा पाय उचलून माझ्या कमरेला नुसता लावला. एकदा, दोनदा, तीनदा. देवाच्या पालखीला हात लावावा तसा.

"झालं?" मी विचारलं.

"व्हयनं."

"हे काय झालं? विहिरीचं पाणी पितोस आणि पायात एवढाच जोर?"

बायका हसल्या. त्याने पाय खाली ठेवला. मग म्हणाला, "असाच लावतंस, भाऊ. जोर नही लावतंस."

"फुकटचा माल असाच असतो," मी म्हटलं. "देणाऱ्यालाही त्याची लाज नसते."

आता हे मी का म्हटलं ते मला माहीत आहे. कुणी एका दराने माल देतो म्हणाला की माझ्या तोंडातून आपोआप आणखी मागितलं जातं. तीस वर्षांची सवय. पण त्यालाही तीस वर्षांचं काहीतरी साठलेलं असावं. तो म्हणाला, "कितला जोर पाहिजे तुले?"

"तुझ्यात असेल तेवढा."

त्याने दिला.

माझ्या डोळ्यांपुढे पांढरं झालं. आणि मग, खरं तेच लिहितो, कळ थांबली. पंधरा-वीस दिवस मांडीच्या मागे कुणी सुरी फिरवत होतं ती एकाएकी निघून गेली. मी उठून बसलो. मी उभा राहिलो. गल्लीने टाळ्या वाजवल्या. बायकोने नारळ फोडला आणि पहिला तुकडा धाकट्याच्या हातावर ठेवला. समोरची अक्का म्हणाली, "देखं? पायाळू तो पायाळू." त्या दिवशी दोन-चार जणांनी आपापल्या कमरा तिथेच उंबऱ्यावर घातल्या. त्यांना त्याने हलकाच पाय लावला. जोराचा माल फक्त माझ्यासाठी होता.

दुसऱ्या दिवशी मी बाजारात निघालो. घरापासून कोपऱ्यापर्यंत गेलो तर मागून एक जण ओरडत आला, "आबा, चप्पल." माझी डावी चप्पल दारातच राहिली होती. ती पायातून निघाली ते मला कळलं नव्हतं. मी खाली बसून पाऊल पाहिलं. अंगठा वर उचलायला गेलो. उजवा उचलला. डावा तसाच पडून. पावलावर चिमटा काढला, तो दुसऱ्याच्या पायाला काढल्यासारखा. दुखणं गेलं नव्हतं. दुखणं कळवणारा गेला होता.

धुळ्याला एक डॉक्टर आहे, लढाईवर जाऊन आलेला, हाडांचं त्याला कळतं, असं एका खरेदीदाराने सांगितलं. मोटारीचे धक्के नकोत म्हणून चाळीसगावावरून आगगाडीने, बाकावर आडवा पडून गेलो. उचलायला माणूस हवा म्हणून बायकोने कुणाला पाठवावं? धाकट्याला. त्याने भाकऱ्यांचं गाठोडं घेतलं. मी मनात एकच ठरवलं होतं: या लाथेने पाय गेला, हे डॉक्टरच्या तोंडून त्याला ऐकवायचं.

डॉक्टर बारीक, चिडका, माझ्यासारखाच. त्याने टाचणी टोचली, गुडघ्यावर हातोडी मारली, सरळ पाय वर उचलून पाहिला. मग पहिला प्रश्न विचारला, "लघवी कळते का? अडत नाही ना?"

मी म्हटलं, "पाय दाखवायला आलोय."

"मी विचारलं त्याचं उत्तर द्या. ती अडली तर आजच मुंबईला पाठवावं लागेल."

अडत नव्हती. त्याने फोटोही काढला, पण फोटोत नुसती हाडं दिसतात म्हणाला. आणि मग, हात पुसत, तो म्हणाला, "तुमची गादी सरकलीय."

माझ्या अंगाची लाही झाली. मी उठून बसायला गेलो. "कोण म्हणालं तुम्हाला? कोण बसलंय माझ्या गादीवर? त्या खरेदीदारानं सांगितलं का?"

धाकटा पहिल्यांदा हसला. मग डॉक्टरने टेबलावरची दोन पुस्तकं एकावर एक धरली आणि मधे ओला बोळा ठेवून दाबला. बोळा एका बाजूने बाहेर आला. "दोन मणक्यांच्या मधे अशी गादी असते. ती फाटून मागे आलीय आणि पायाकडे जाणाऱ्या शिरेवर बसलीय. बाजारातल्या गादीचं मला काही माहीत नाही."

मला ते समजलं. महिनाभर एवढे लोक माझ्या अंगावर हात, पाय आणि सळया घेऊन आले, पण कशावर काय दाबलं गेलंय ते एका बोळ्यात सांगणारा हा पहिला. त्याने रस्ते तीन सांगितले. फळीवर सपाट पडून राहायचं, पायाला विटा बांधून ताण द्यायचा, सहा आठवडे. नाहीतर कमरेभोवती प्लास्टरचा अंगरखा घालून घरी जायचं. पण अंगठा पडलाय म्हणून तो आत्ता नको म्हणाला. नाहीतर मुंबईला पाठ उघडून तो तुकडा काढतात. काढणारे हात थोडे आहेत आणि काढताना शीरच दुखावली तर आहे तोही पाय जाईल. "सहा आठवड्यांत अंगठा हलला नाही तर मुंबई. हलला तर इथेच."

सहा आठवडे म्हणजे हंगाम संपला. माझा हात आपोआप चादरीखाली गेला. डॉक्टर माझी नाडी बघत होता, त्याचा हात मी आत ओढला आणि तळव्यावर तीन बोटं दाबली.

"हे काय करताय?" डॉक्टरने विचारलं.

धाकटा म्हणाला, "भाऊ तीन आठवडा सांगस."

"गादी माझी असती तर तीनमध्ये दिली असती," डॉक्टर म्हणाला. "ती तुमची आहे. तिच्याशी बोला."

मग मी मुद्द्यावर आलो. शिंक सांगितली, लाथ सांगितली, लाथ मारणाराही दाखवला. "आता याच्यासमोर सांगा. पाय कशानं गेला?"

डॉक्टरने धाकट्याकडे पाहिलं. "किती जोरात मारलीत?"

"भाऊनी मांगी, मी दिधी," तो म्हणाला.

"गादी शिंकेनं फाटली," डॉक्टर म्हणाला. "लाथेनं तुकडा पुढे गेला असेल. नसेलही. लाथ नसती तरी चार दिवसांनी गेला असता, असंही असेल. मणक्याला खिडकी नाही. पण दुखऱ्या कमरेवर लाथ मारणारा मूर्ख आणि मागून घेणारा त्याहून मोठा, एवढं मी लिहून देतो."

मला लिहून नको होतं.

सहा आठवडे मी फळीवर होतो. पायाला दोरी, दोरीला विटा, विटा पलंगाच्या कठड्यावरून लोंबकळत. जेवण पडून, बाकी सगळं पडून. धाकटा घरी गेला नाही. त्याच्या शेतात कापूस वेचणीला आला होता. तो म्हणे मेहुणा वेचून घेईल. मी त्याला तीनदा जा म्हटलं. माझ्या डोळ्यांपुढे पाय घेऊन फिरू नको, असं म्हटलं. तो भाकरी कुस्करून दुधात घालायचा आणि चमचा माझ्या तोंडापुढे धरायचा. भरल्या तोंडाने भांडता येत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

आणि मग दवाखान्यात बातमी फुटली की हा पायाळू आहे.

आधी भांडी घासणारी बाई व्हरांड्यात पालथी पडली. मग शेजारच्या खाटेवरच्या रोग्याचा चुलता. मग शेतावरून आलेले नातलग, गाडीवान, पाणक्या. दुपारी डॉक्टर जेवायला गेला की व्हरांड्यात रांग लागायची. मी विटांना टांगलेला आत पडलेलो, आणि बाहेर ज्या पायाने मला तिथे आणलं त्याची पूजा चाललेली. लोक बरे होऊन उठायचे. त्यांना काय झालं होतं देव जाणे, पण उठायचे. एकदा तर खुद्द कंपाउंडर, ज्याने सकाळी माझ्या विटा तपासल्या होत्या, तो उंबऱ्यावर आडवा झालेला मी पाहिला.

"लाज वाटत नाही?" मी त्याला आतून विचारलं. "डॉक्टरचं मीठ खाता आणि याची लाथ खाता?"

"आबा, बाटल्यांची पेटी उचलली हो," तो पालथाच म्हणाला. "डॉक्टरसाहेब मला सहा आठवडे फळीवर टाकतील. मग औषधं कोण देणार?"

हे कळल्यावर डॉक्टर व्हरांड्यात जे बोलला ते मी आनंदाने ऐकलं. रांग बंद झाली. धाकटा निमूटपणे आत येऊन माझ्या पायथ्याशी बसला. माझ्या उघड्या पावलाकडे बघत बसायचं, हा त्याचा तेव्हापासूनचा उद्योग.

पाचवा आठवडा संपला तरी अंगठा मेलेलाच होता. मी रोज मनात त्याला हुकूम सोडायचो. माझा शब्द बाजारात कुणी खाली पडू देत नसे, आणि स्वतःचा अंगठा ऐकत नव्हता. मुंबईच्या डॉक्टरला लिहायचं का, असं डॉक्टरने विचारलं. मी लिहा म्हटलं. बायकोला निरोप पाठवला की गादीवरची उशी, वह्या आणि तराजू घरी आणून ठेव. तो निरोप सांगून झाला आणि मी उगाच धाकट्यावर ओरडलो.

पत्र गेलं त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी धाकटा म्हणाला, "भाऊ, हालना."

"काय?"

"आंगठा."

मला खोटं वाटलं. मी हुकूम सोडला. काही कळलं नाही. तो म्हणाला, "हालना, आखो कर." मी पुन्हा केलं. त्याने माझ्या अंगठ्यावर आपलं बोट टेकवून ठेवलं आणि त्याच्या बोटाला जे लागलं ते त्याच्या तोंडावर मला दिसलं. ज्वारीच्या दाण्याएवढं हललं असेल. माझ्या पायाची खबर मला त्याच्या तोंडावर वाचावी लागली, याचा राग मला त्या क्षणीही आला.

मग तो म्हणाला, "मन्ही लाथ लागू पडनी."

मी उशाशी असलेला पितळी तांब्या फेकला. तो भिंतीला लागला. धाकट्याने उचलला, पुसला, पाणी भरून परत उशाशी ठेवला.

मुंबईला दुसरं पत्र गेलं की येत नाही. निघताना मी डॉक्टरला विचारलं, एवढं सगळं केलं, त्यातलं लागू कशाचं पडलं? विटा? फळी?

"बहुधा कशाचंच नाही," तो म्हणाला. "तुकडा आपोआप वाळतो. वेळ लागतो."

"मग मी पैसे कशाचे दिले?"

"सहा आठवडे तुमच्या कमरेला कुणाचा पाय लागू दिला नाही, त्याचे."

वाद घालण्यासारखं त्यात काही नव्हतं. आमच्या बाजारातही एवढ्या सरळ मालाचा एवढा सरळ भाव सांगणारा मला क्वचित भेटला.

अंगठा पुरता कधीच परत आला नाही. चाकावर चढतो, पण उजवा पाय आधी टाकून, आणि चप्पल मागे पट्टी लावलेली वापरतो. गादी माझीच राहिली. धाकट्याला मी त्या सहा आठवड्यांबद्दल काही द्यायला गेलो तर तो म्हणाला, "पैसा लिधा म्हंजे गुण जास." म्हणजे गुण त्याचाच, हे त्याने तेवढ्यातही नोंदवून घेतलं. मला त्याला माफ करता आलेलं नाही, आणि त्याला माफी हवी आहे असं मला कधी दिसलेलं नाही. गावात तो अजून लाथा मारतो. हलक्याच मारतो म्हणतात.

जळगावातल्या कुणाची कंबर धरली की ते आधी माझ्याकडे येतात. मी बोळा आणि पुस्तकं घेऊन समजावतो. फळीवर पडा, लघवीकडे लक्ष ठेवा, धुळ्याला जा. मग डावी चप्पल काढून अंगठा दाखवतो आणि उचलून दाखवतो, जेवढा उचलतो तेवढा. ते वाकून नीट बघतात, माना हलवतात, आणि मग हळूच विचारतात, "पण आबा, हालतो तर खरा. तुमचे भाऊ गावी रविवारी असतात ना?"